मराठी ख्रिस्ती घरातील सणांचे वर्ष

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेस, पैनगंगेच्या अलीकडे, उमरखेड तालुक्यात ढाणकी हे गाव आहे. डिसेंबर महिना म्हणजे या बाजूला कपाशीच्या वेचणीचा आणि तुरीच्या शेंगा भरण्याचा काळ. दिवाळी होऊन गेलेली असते, संक्रांत अद्याप लांब असते. अशा गावी नोकरीच्या निमित्ताने बदलून आलेले एखादे ख्रिस्ती कुटुंब कल्पावे. नवरा शाळेत शिक्षक, बायको दवाखान्यात परिचारिका, दोन मुले आणि एक आजी. यवतमाळ जिल्ह्यात अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट मंडळीच्या मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आले. यवतमाळ शहरी युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचे विद्यालयही होते, ते १९८३ साली पुण्यास गेले. तथापि आडबाजूच्या गावी बदलून गेलेल्या अशा कुटुंबास उपासनेला जावयाचे तर बहुधा गाडी धरूनच जावे लागते. मग या घरात नाताळ व्हावयाचा कसा? ओसरीवर चांदणीचा कंदील टांगला, शहरातून केक मागविला, की झाले, असे कोणी म्हणेल. परंतु शेजारची मुले जेव्हा विचारतात, ‘तुमच्या नाताळात करतात तरी काय?’ आणि घरातल्याच मुलाला नीट उत्तर सुचत नाही, तेव्हा आजीच्या मनाला लागणारी चुटपूट लहानसहान नसते. जे देऊळ दूर आहे ते दूरच राहील. पण घरातले जे हरवेल ते पुढच्या पिढीला कोठून मिळावयाचे?

ही चुटपूट आजची नव्हे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती घरांच्या इतिहासात ती पहिल्यापासून आहे. नाताळ हा शब्दच पाहावा. तो पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ जन्माचा दिवस एवढाच. शब्द आला, सण आला. पण सणाभोवतीचे घर मात्र जहाजातून येत नाही. ज्याने धर्म बदलला त्याचा पाडवा गेला, नागपंचमी गेली, दसरा-दिवाळी गेली. पुरुषाला नव्या समाजात बोलावयाला नवे विषय मिळत. घरातल्या बाईला मात्र वर्ष मोजावयाचे साधनच उरत नसे.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला आणि येथील भाषा शिकला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत छापलेला होता. ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्सने आपण तो का लिहिला ते सांगितले आहे. ख्रिस्ती शिकवण चालली असता एका ब्राह्मण ख्रिस्तीने उठून विचारले की, आमची जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का करून देत नाही? या प्रश्नात सगळे आले. त्या माणसाला सिद्धांत कमी पडत नव्हता. संध्याकाळी चार माणसे जमवून मोठ्याने वाचावयाला काही नव्हते, ही त्याची तक्रार होती. स्टीफन्सचे चातुर्य असे की त्याने ती तक्रार खरी मानली.

सर्वांनीच ती तशी मानली नाही. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने हुकूम काढून नवख्रिस्त्यांच्या घरात पाऊल टाकले. अंगणात तुळस नको, लग्नात ओव्या गाणे नको, आणि भात मिठावाचून शिजविणेही नको, कारण तसा भात हिंदू शिजवितात! कायदा चुलीपर्यंत पोहोचला म्हणजे तो किती हास्यास्पद दिसतो याचे हे उत्तम उदाहरण होय. इतके करूनही लग्नाआधी वधूवरांना नारळाचा रस लावण्याचा ‘रोस’ गोव्यातील ख्रिस्ती घरांतून गेला नाही, आणि त्या वेळची गाणीही गेली नाहीत. घरातील बायांच्या तोंडी जे असते ते हुकुमाने घालविता येत नाही. आणि हुकुमाने आणताही येत नाही.

देशावरची गोष्ट निराळी होती. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले लोक १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ पासून अहमदनगर हे त्यांच्या कार्याचे मोठे ठाणे झाले. हे लोक न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतले. त्या परंपरेत नाताळ पाळणे हाच मुळी दोष मानीत. मॅसाचुसेट्समध्ये १६५९ ते १६८१ पर्यंत नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तेथे नाताळची सार्वजनिक सुट्टी मिळावयाला १८५६ साल उजाडले. नागपुरास १८४५ साली आलेले स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडचे. त्या देशात तर नाताळ सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला तो १९५८ साली. तेव्हा देशावरच्या आणि वऱ्हाड-नागपूरकडच्या पहिल्या ख्रिस्ती घरांना बायबल मिळाले, शाळा मिळाली, रविवार मिळाला. परंतु धर्म देणाऱ्यांच्याच घरी फारसे सण नव्हते, ते यांना कोठून मिळणार? जे मराठी ख्रिस्ती सण आज विलायती समजले जातात, त्यांतला बराचसा भाग येथल्याच माणसांनी येथल्याच सामानातून उभा केला आहे, तो यामुळे.

या उभारणीचे अत्यंत जिवंत चित्र टिळकांच्या घरात दिसते. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा नातेवाइकांकडे होत्या. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याजवळ येऊन राहिल्या, त्या आपले सोवळे घेऊनच. एकाच संसारात ख्रिस्ती नवरा आणि निराळी चूल, निराळे पाणी सांभाळणारी बायको, असा तो काळ ‘स्मृतिचित्रां’त त्यांनी स्वतःला हसत हसत सांगितला आहे. पुढे त्यांचे विचार पालटले; टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. लक्षात ठेवण्याजोगे हे की, तो बदल स्वयंपाकघरातून, पाण्याच्या भांड्यावरून, एका बाईच्या स्वतःच्या विचाराने झाला.

टिळक म्हणत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. पूल ओलांडल्यावर तो पाडून टाकावा, असे त्यांना वाटले नाही. त्यांच्या आधीच नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. टिळकांनी अभंग, पदे, भजने रचली. ‘उपासना संगीता’त ती मोठ्या संख्येने आहेत आणि मराठी मंडळ्यांतून आजही गाइली जातात. परभाषेतल्या चालीवर बसविलेले भाषांतरित गीत मंदिरात पेटीच्या आधारावर निभते. घरात मात्र जात्याशी, पाळण्याशी, दिवेलागणीला जे आपोआप ओठांवर येते ते ओवी-अभंगाच्याच वळणाचे असावे लागते. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध काव्य टिळकांनी आरंभिले. १९१९ साली ते वारले तेव्हा ते अपुरे होते. लक्ष्मीबाईंनी, जिचे शिक्षण संसार करता करता झाले अशा बाईने, ते पुढे नेले. श्रावणात पोथी लावणाऱ्या घरातून आलेल्या स्त्रीला सणाच्या दिवसांत घरी काय वाचावे लागते हे ठाऊक होते. स्टीफन्सला विचारलेल्या प्रश्नाचे हे तीनशे वर्षांनंतरचे उत्तर म्हणावयास हरकत नाही.

फराळाविषयी फार बोलण्याचे कारण नाही; तो सर्वांच्या परिचयाचा आहे. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे हेच नाताळातही होते. कोणी याला दिवाळीची नक्कल म्हणतात. हे म्हणणे वरवरचे आहे. ज्या हातांना करंजीची मुरड येते ते हात आनंदाच्या दिवशी करंजीच करणार. त्या दिवशी करंजी का केली, हे मुलांना करता करता सांगितले जाते की नाही, एवढेच पाहावयाचे.

आता घरातील वर्षाकडे वळावे. ख्रिस्ती वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी आगमनकाळ लागतो, तेथून ते सुरू होते. या चार रविवारी एकेक मेणबत्ती वाढवीत जाण्याची चाल पुष्कळ देशांत आहे. ती अतिप्राचीन असेल असे वाटते, पण तिचा उगम जर्मनीत हॅम्बुर्ग येथे १८३९ साली झाला. योहान विखर्न नावाचे धर्मोपदेशक गरीब मुलांचा एक आश्रम चालवीत. मुले रोज विचारीत, नाताळ आला का? रोजच्या प्रश्नाने कंटाळून म्हणा, किंवा त्यातली ओढ ओळखून म्हणा, त्यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले, त्यावर रविवारच्या चार मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एक पेटवावयास सुरुवात केली. चाक मिळणे ढाणकीसारख्या गावी कठीण नाही. पण तेही नको. पितळी ताटात चार पणत्या ठेवाव्या, पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असे करीत जावे. पणती धाकट्याने लावावयाची, शास्त्रवचन थोरल्याने वाचावयाचे, प्रार्थना आजीने करावयाची. पाच मिनिटे लागतात. ज्या मुलाच्या हाती काडीपेटी दिली त्याला आगमनकाळ म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही.

नाताळातील गोठ्याचीही हीच कथा. संत फ्रान्सिसने इटलीतील ग्रेच्चो गावी १२२३ साली गवत, बैल आणि गाढव आणून बेथलेहेमचा देखावा मांडला, कारण अक्षरशत्रू शेतकऱ्यांना डोळ्यांनी दिसावे अशी त्याची इच्छा होती. मराठी बायबलात बाळ येशूला गव्हाणीत ठेवले, असे आहे. शहरातल्या मुलाला गव्हाण म्हणजे काय ते चित्रावरून सांगावे लागते. वऱ्हाडातल्या खेड्यात मूल रोज तिच्यात कडबा पडताना पाहते. तेव्हा घरच्या मातीचा, घरच्या कडब्याचा गोठा करावा. दिवाळीत किल्ला करणारी शेजारची मुले बोलाविली तर ती गोठा अधिक चांगला करतील. कित्येक घरांत गव्हाण चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवतात आणि त्या रात्री सर्वांत लहान मूल बाळाची मूर्ती तिच्यात ठेवते. सारा महिना दुकानच्या दिव्यांकडे पाहणारे मूल त्या रात्री रिकाम्या गव्हाणीकडे पाहत बसते.

ख्रिस्ती वर्षाचा खरा मध्य मात्र नाताळ नव्हे. तो पुनरुत्थानाचा दिवस, ज्याला ईस्टर म्हणतात, तो होय. आणि नेमका हाच सण आपल्या इतर समाजाला फारसा ठाऊक नसतो. त्याची तारीख दर वर्षी का बदलते याचे अनेकांना कोडे पडते. तिथी पाळणाऱ्या मराठी माणसाला ते पडू नये. इ. स. ३२५ साली नायसीया येथील धर्मसभेने सर्वांनी हा सण एकाच रविवारी करावा असे ठरविले. त्यातून रूढ झालेला नियम असा की, २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर जी पहिली पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार हा ईस्टर. ही पौर्णिमा मंडळीच्या ठराविक गणिताची असते, म्हणून पंचांगाशी क्वचित एखाद्या दिवसाचा फरक पडतो. अर्थात ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या अवधीत फिरतो, आणि त्याची पौर्णिमा आपल्याकडची बहुधा होळीची किंवा हनुमानजयंतीची असते. २०२४ साली होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर आला. २०२५ साली हनुमानजयंतीच्या पौर्णिमेनंतर २० एप्रिलला आला. गच्चीवर उभे राहून चंद्र दाखवीत हे मुलांना समजाविता येते. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री, गेथशेमाने बागेत येशू प्रार्थना करीत होता तेव्हाही वल्हांडणाचा असाच मोठा चंद्र आकाशात होता, हे एकदा कळले की ती रात्र मूल विसरत नाही.

ईस्टरपूर्वी उपवासकाळ असतो. भस्माच्या बुधवारपासून मोजले तर दिवस शेहेचाळीस भरतात. त्यांतले सहा रविवार वगळावयाचे, म्हणजे चाळीस. वसईकडील कॅथोलिक घरांत या दिवसांत लग्नकार्य करीत नाहीत. मांसाशन सोडणे, गोड सोडणे हे नेम पुष्कळ जण करतात. सोडलेल्या वस्तूचे पैसे कोठे जातात, हा प्रश्न मात्र घरात मोठ्याने विचारला गेला पाहिजे. साखर वाचविली आणि ती वैशाखात आपणच खाल्ली, तर तो उपवास वाण्याच्या खात्यापुरताच झाला. एक डबा ठेवावा, त्यात रोज काही पडावे, आणि ईस्टरपूर्वी तो कोणाकडे द्यावयाचा हे मुलांनी ठरवावे.

ईस्टरच्या आधीचा रविवार झावळ्यांचा. यरुशलेमेत लोक खजुरीच्या झावळ्या घेऊन सामोरे गेले, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. किनाऱ्यावर माडाच्या झावळ्या मुबलक; वऱ्हाडात माड कोठला? परंतु ओढ्याकाठची शिंदी ही वनस्पतिशास्त्राप्रमाणे खजुरीची सख्खी बहीण आहे. यरुशलेमेच्या झावळीला माडापेक्षा ढाणकीकडची शिंदीच अधिक जवळची, ही गंमत सांगण्यासारखी आहे.

या आठवड्यातील गुरुवारी केरळातील थोमाख्रिस्ती घरांत एक विधी होतो, तो घरगुती परंपरेचा उत्तम नमुना आहे. त्या संध्याकाळी घरी बेखमीर तांदळाची भाकर आणि नारळाच्या दुधाचे गोड पेय करतात. प्रार्थना झाल्यावर घरातील वडीलधारा पुरुष भाकर मोडतो आणि वयाच्या क्रमाने एकेकाला देतो. धर्मगुरू तेथे नसतो. ज्या घरी त्या वर्षात मृत्यू झाला असेल तेथे ती भाकर करीत नाहीत. शेजारचे किंवा नात्यातले लोक आपल्या घरची नेऊन देतात. दुःखातल्या घराला सण चुकत नाही आणि करण्याचा भारही पडत नाही. मराठी ख्रिस्ती घरांनी हे जसेच्या तसे उचलावे असे नव्हे. ज्या घरी नवी खुर्ची रिकामी झाली आहे तेथे नाताळचा फराळ कोणी पोहोचवावयाचा, हे ठरलेले असले तरी पुरे.

ईस्टरच्या पहाटे पुष्कळ मंडळ्यांत माणसे दफनभूमीत जमतात. कबरी आधीच झाडून घेतलेल्या असतात. सूर्य उगवताना मेणबत्त्या लावून गीते म्हणतात. येथे मुलांना नेऊ नये, असे काही आया मानतात. तसे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि आजोबांच्या कबरीवर फूल ठेवून परत येताना मूल जे प्रश्न विचारते, ते मंदिरातील बाकावर बसून कधी विचारीत नाही.

पावसाळ्यानंतर येतो तो पिकाचा सण. किनाऱ्यावरचे लोक यात सर्वांच्या पुढे आहेत. मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन समाज ऑक्टोबरच्या आरंभी ‘आगेरा’ करतो. शेतातील भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात आणि घरी आणून ठेवतात. मंगळूरच्या कोंकणी कॅथोलिकांत ८ सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मदिनी, नव्या भाताचे दाणे दुधात किंवा पायसात घालून सारे घर एकत्र बसून खाते. आधी नऊ दिवस मुले फुले वाहतात. जो मुलगा परगावी किंवा परदेशी असेल त्याच्याकडे ते दाणे पाकिटात घालून टपालाने धाडीत आले आहेत. आपल्याकडे नवान्न म्हणतात तेच हे. देव वेगळ्या नावाने आठवला, भात तोच. वऱ्हाडात भात नाही तर ज्वारीचे कणीस आहे, कापसाचे बोंड आहे, हळदीचे कांड आहे. अनेक मराठी मंडळ्यांत कापणीच्या सणाला लोक हे सारे मंदिरात आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करून पैसे मंडळीच्या कामी देतात. पगारावर जगणाऱ्या कुटुंबाला स्वतःचे पीक नसते. त्याने कुंडीतली कोथिंबीर आणली तरी ती वेदीपुढे शोभते.

एका दोषाकडे काणाडोळा करू नये. परंपरा घडविण्याच्या हौसेने काही घरे वर्षभर एवढे उद्योग मांडतात की, नाताळच्या रात्री आई तळणाच्या कढईपाशी आणि बाकीचे प्रार्थनेला बसलेले, असे दृश्य दिसते. जी प्रार्थना आईवाचून होते ती घरची प्रार्थना नव्हे. दोन पदार्थ कमी झाले तर बिघडत नाही. बाप्ये आणि मुलगे यांनी चकलीचा साचा फिरविला तर काहीच बिघडत नाही. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला गोठा पोरखेळ वाटू लागतो. त्याला जबरदस्तीने बसवू नये. कंदिलाची तार जोडण्याचे, दूरच्या काकांना मोबाईलवर प्रार्थनेत सामील करून घेण्याचे काम त्याच्याकडे द्यावे. तो दाराशी उभा राहून का होईना, ऐकतो.

आणि शेजार? टिळकांच्या नगरच्या घरी बालकवी ठोंबरे पोटच्या मुलासारखे राहिले, आणि ते ख्रिस्ती नव्हते. ढाणकीच्या त्या शिक्षकाच्या घरातून नाताळच्या सकाळी जी ताटे शेजारी जातात, त्यांवर विणलेला रुमाल असतो आणि देणारे मूल असते. ‘काय करता तुम्ही नाताळात?’ हा प्रश्न त्या वेळी पुन्हा येतो. या खेपेस मुलाजवळ सांगावयाला चार पणत्या असतात, गव्हाण असते, आजीने म्हटलेला अभंग असतो. ताट तसेच रिकामे परत करण्याची आपल्याकडे रीत नाही. तीन आठवड्यांनी संक्रांतीला ते तिळगूळ घेऊन परत येते.